कोंढव्यातल्या आमच्या मशिदीच्या ट्रस्टींना खुलं पत्र: रविवारची तालीम परत सुरू करा

मुतवल्ली साहेब, कमिटीचे सगळे मेंबर आणि नवीन इमाम साहेब, अस्सलामु अलैकुम.

रमजान ईदनंतर थोड्याच दिवसांत मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा मेसेज आला की वरच्या हॉलमधली रविवारची तालीम, म्हणजे घरसंसाराच्या प्रश्नांवर दीनची शिकवण देणारी बैठक, पुढची सूचना मिळेपर्यंत बंद राहील. कारण काहीच दिलं नव्हतं. नंतर कारणं कळली ती तुकड्यातुकड्यात, कुणाच्या मिस्टरांकडून, कुणाच्या दिराकडून, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. मी माझ्या मिस्टरांना ऑफिसमध्ये पाठवलं तर त्यांना तुम्ही चहा पाजला आणि "भाभींना सांगा, बघतो आम्ही" म्हणून परत लावून दिलं. त्यालाही आता बरेच दिवस झाले, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मशिदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला मशिदीची बदनामी करायची नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि तसंही यातलं बरंचसं भवानी पेठेतल्या नाहीतर सय्यदनगरच्या मशिदीलाही तसंच्या तसं लागू पडेल.

मराठीत का, तर माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, शिकले मराठी शाळेत, उर्दू वाचते पण एवढं लांब लिहायचं म्हटलं की हात अडखळतो.

मी घरी शिवणकाम करते, लग्न होऊन कोंढव्यात आले तेव्हापासून. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांना माहीत असेल, माप द्यायला आलेली बाई उभ्याउभ्या घरातलं सगळं बोलून जाते, मी टेप हातात धरून फक्त हं हं करते. कुणाचा नवरा महिनाभर बोलत नाहीये, कुणाची नणंद माहेरी येऊन बसलीये, कुणाची सून वेगळं व्हायचं म्हणतेय. त्यामुळे तालीम सुरू झाल्यावर कुठल्या घरात काय फरक पडला हे मी जवळून बघितलंय आणि ते चंद्याच्या पावतीपुस्तकात दिसणारं नाही. शिवाय माझा स्वतःचा मुलगा आता लग्नाला आलाय. हिंजवडीला नोकरी, जुम्मा, म्हणजे शुक्रवारची नमाज, कधी चुकवत नाही, पण चांगला नवरा कसं व्हायचं हे त्याला कुणी शिकवायचं? मी काही सांगायला गेले की "अम्मी सुरू झाली" म्हणून हेडफोन लावतो. तेच मिंबरवरून, इमाम साहेब भाषण करतात त्या जागेवरून, सांगितलं की घरी येऊन मलाच ऐकवतो, जसं काही मला माहीतच नव्हतं.

ज्यांनी ती तालीम बघितली नाही त्यांना वाटत असेल की बायकांचा काहीतरी गप्पांचा कार्यक्रम होता, तर तसं नव्हतं. आधीच्या इमाम साहेबांनी ती सुरू केली होती. रविवारी दुपारच्या असरच्या नमाजनंतर संध्याकाळच्या मगरिबपर्यंत, वरच्या हॉलमध्ये, पुढे पुरुष, मागे पडद्याआड आम्ही, आणि लहान मुलं दोन्हीकडे पळत. आमच्या बाजूला एक आलिमा, म्हणजे दीनचं शिक्षण घेतलेल्या आपा बसायच्या. जिन्याजवळ बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला, झाकणाला फट पाडलेली. ज्याला जे विचारायचंय त्याने नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. इमाम साहेब चिठ्ठी वाचणार, आधी थोडा वेळ गप्प बसणार, मग कुरआनमधलं, हदीसमधलं (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींमधलं) काय आहे ते सांगणार, आणि शेवटी "हे माझं मत आहे, पुढचं तुम्ही दोघं बसून ठरवा" हे ठरलेलं वाक्य.

काय काय चिठ्ठ्या यायच्या. नवरा दुबईला आहे, पैसे दिराच्या खात्यावर पाठवतो, पोरांच्या फीसाठी मला दिरापुढे हात पसरावा लागतो, हे बरोबर आहे का. सासू माझा फोन तपासते. माझे दागिने गहाण ठेवून रिक्षा घेतली, रिक्षा जोरात चालू आहे पण दागिने सोडवायचं नाव नाही. पुरुषांच्याही यायच्या बरं का, आणि मला तर त्याच जास्त लक्षात राहिल्यात. एकाने लिहिलं होतं की मी ओला चालवतो, रात्री उशिरा घरी येतो, बायको झोपल्याचं सोंग करते, मला वाटतं मी तिला नकोसा झालोय. आणि एक चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली, अक्षरावरून शाळकरी पोराची, की अब्बा अम्मीवर ओरडतात तेव्हा मी कुठे जाऊ. ती वाचल्यावर इमाम साहेबांनी त्या दिवशी दुसरी चिठ्ठी काढलीच नाही.

एकदा कुणीतरी विचारलं होतं की बाळाचं दूध तोडायचं का नाही यावरून घरात भांडण चाललंय, सासू म्हणते बंद कर, नवरा आईच्या बाजूने. तेव्हा इमाम साहेबांनी कुरआनमधल्या सूरह बकराची २३३ वी आयत वाचली, की दूध तोडायचं तर आईबापाने एकमेकांच्या मर्जीने आणि सल्ल्याने ठरवावं. म्हणाले, एवढ्या घरगुती गोष्टीतसुद्धा अल्लाहने दोघांना विचारात घेतलंय आणि आपण घर बदलायचं, गाडी घ्यायची, पोराला कुठल्या शाळेत घालायचं हे सगळं एकट्याने ठरवून मोकळे होतो. आणखी एकदा हजरत आयशांची ती हदीस सांगितली. त्यांना विचारलं होतं की पैगंबर (स.) घरी असताना काय करायचे, तर त्या म्हणाल्या घरच्यांच्या कामात हातभार लावायचे आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जायचे. त्यावर पडद्यामागून आम्ही सगळ्याच हसलो, मोठ्याने हसलो, आणि मला पक्का संशय आहे की कुणाला तरी तालीम खटकायला तिथूनच सुरुवात झाली.

आता तुमची कारणं, जशी माझ्यापर्यंत पोचली तशी.

सगळ्यात आधी ऐकलं ते हे की मशीद नमाजसाठी आहे, नवरा-बायकोच्या कटकटींसाठी नाही. साहेब, बुखारी शरीफ या हदीसच्या संग्रहात एक किस्सा आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पैगंबर (स.) हजरत फातिमांच्या घरी गेले तर हजरत अली घरात नव्हते. विचारलं कुठे गेले, तर मुलगी म्हणाली आमच्यात काहीतरी झालं, ते रागावून निघून गेले. शोध घेतला तर जावई मशिदीत झोपलेले, अंगावरची चादर घसरलेली, पाठीला माती लागलेली. सासरा तिथे गेला, स्वतःच्या हाताने ती माती झटकली आणि म्हणाले, ऊठ अबू तुराब, ऊठ. म्हणजे मातीवाले बाबा, लाडाने. चूक कुणाची हे त्या हदीसमध्ये कुठे विचारलेलंच नाही. बायकोशी भांडून आलेला नवरा मशिदीत झोपला होता आणि त्याची समजूतही तिथेच काढली गेली, मग आमच्याच वेळेला मशीद फक्त नमाजची कशी झाली? आणि तेही सोडा, पैशांच्या वादात दोन सहाबींचे, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांचे, आवाज मशिदीत चढले होते तेव्हा पैगंबरांनी (स.) आपल्या खोलीचा, हुजऱ्याचा पडदा बाजूला करून एकाला सांगितलं अर्धं कर्ज सोड आणि दुसऱ्याला सांगितलं ऊठ, उरलेलं फेड. तो निवाडाही मशिदीतच झाला.

दुसरं कारण बायका आणि पोरांचा गोंधळ. यावर मी जास्त लिहीत नाही. लेकराचं रडणं ऐकू आलं की त्याच्या आईला त्रास नको म्हणून पैगंबर (स.) नमाज आटोपती घ्यायचे, हेही बुखारीतच आहे. म्हणजे आया लेकरं घेऊन मशिदीत येत होत्या एवढं तरी त्यातून कळतं. आणि बायकांनी स्वतः जाऊन मागणी केली होती की पुरुषांमुळे आम्हाला वेळ मिळत नाही, आमच्यासाठी एक दिवस ठेवा, तर त्यांना दिवस मिळाला. आम्ही वेगळा दिवससुद्धा मागत नाहीये, आम्हाला पुरुषांनी समोर बसलेलं हवंय. बरं, बायकांच्या मशीद प्रवेशासाठी सुप्रीम कोर्टात २०१९ ला याचिका गेली ती आपल्या पुण्यातल्याच एका जोडप्याची, आणि त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये लिहून दिलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला इस्लाममध्ये परवानगी आहे. तुमच्या ऑफिसात बोर्डाचं कॅलेंडर लावलेलं असतं म्हणून आठवण करून दिली, बाकी काही नाही.

तिसरं कारण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एका मेंबरनी मिस्टरांना सांगितलं की सध्या वातावरण कसं आहे बघताय ना, आपल्या घरातल्या गोष्टी चारचौघात आल्या तर बाहेरच्यांना आयतं खाद्य मिळेल, कुणीतरी व्हिडिओ काढेल, टीव्हीवर दाखवतील. ही भीती खोटी नाहीये. भाड्याने घर बघायला गेलं की नाव ऐकून "आत्ताच दिलं हो" असं मीही ऐकलंय. पण घरातल्या गोष्टी बाहेर जायच्या थांबल्यात का? शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात जाऊन एक दिवस बाकावर बसा, मी चुलत बहिणीबरोबर तारखांना गेलेय, सगळ्या जातीधर्माचे लोक असतात तिथे आणि आपलेही असतात. पोलीस चौकीत जातात. नाहीतर यूट्यूबवर कुठल्यातरी अनोळखी मौलानांचा व्हिडिओ बघून नवरा बायकोवर हुकूम सोडतो, तो मौलाना कुठला, कुणाशी बोलतोय, काही माहीत नाही. डब्यात टाकलेली बिननावाची चिठ्ठी यापेक्षा जास्त उघडी होती का? आणि कुरआनमध्ये सूरह मुजादिला सुरूच होते ती नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईपासून, की तिचं म्हणणं अल्लाहने ऐकलं. तिला कुणी म्हणालं नाही की घरातली गोष्ट घरात ठेव.

आणि हो, तिसऱ्याच्या पोटात आणखी एक बारीक कुजबुज आहे ती पण माझ्या कानावर आलीये, की ही बाई मंडळवाली दिसते. तर हमीद दलवाईंनी १९७० मध्ये याच पुण्यात सुधारणा मागणारं मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं हे मला माहीत आहे, आणि त्यांनी जे प्रश्न विचारले त्यातले काही आजही तसेच पडलेत हेही मला दिसतं, पण मी त्या मंडळात नाही. मी पाच वक्त नमाज पढणारी बाई आहे आणि मला जे हवंय ते मशिदीच्या आतच हवंय. बाहेर जायचं असतं तर तुम्हाला पत्र कशाला लिहिलं असतं.

चौथं, हॉलचं काम चाललंय, एसी बसवायचाय. बसवा. काम संपलं की सांगा.

पण साहेब, तालीम बंद झाली म्हणून मी लिहायला बसले आणि लिहिता लिहिता मला कळतंय की माझी खरी तक्रार त्याहून जुनी आहे. दर जुम्म्याला खाली हॉल, जिना, गच्ची भरून पुरुष बसतात. कंपनीतून हाफ अवर काढून येतात, दुकानाचं शटर अर्धं ओढून येतात. मोहल्ल्यातल्या एवढ्या पुरुषांना एका जागी गप्प बसवणं आणखी कुणाला जमतं सांगा बरं, नगरसेवकाला जमत नाही. त्या वेळात बयान, म्हणजे इमाम साहेबांचं भाषण, कशावर होतं? आमच्या किचनच्या खिडकीत लाउडस्पीकर अगदी स्पष्ट ऐकू येतो त्यामुळे मी ऐकते. नमाजचं महत्त्व, कब्रचा अजाब, दाढी, जगात मुसलमानांचं काय चाललंय, आणि घरावर आलंच तर बायकांनी सबर करावा आणि पोरींनी मोबाईल कमी वापरावा. आता बायका त्या वेळी घरात कांदा परतत असतात. ज्यांना सांगायचं ते समोर बसलेत आणि सांगताय कुणाबद्दल?

त्यांना हे सांगा ना की बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका, सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने एका दमातला तीन तलाक रद्द केला, २०१९ ला कायदा आला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे आता तोंडाने कुणी म्हणत नाही. बायकोला ईदला माहेरी सोडतात आणि मग फोन उचलायचा बंद. ना तलाक, ना नांदवणं, ना खर्चाला पैसे. पोरं आजोळी शाळा बदलून बसलेली. अशा बायका माझ्याकडे येतात, सासरी नेलेले कपडे उसवून लहान बहिणीच्या मापाचे करून घ्यायला. यावर एकही बयान मी ऐकलेलं नाही, आणि यात ना राजकारण आहे ना कुठला फिरक्याचा, पंथाचा वाद.

निकाहचंही तेच. निकाहच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, सूरह निसाची पहिली आयत पढतात, त्यात नात्यागोत्याच्या बाबतीत अल्लाहला भिऊन वागा असं सांगितलंय, पण पढतात अरबीत, मुलाला कळत नाही, मुलीकडे तर फक्त सही घ्यायला तिघं जातात, मग छुहारे उधळले की झालं. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, रजिस्टरमध्ये लिहिण्यापुरती आणि तीही उधार, आणि दुसरीकडे टेम्पोतून कपाट, बेड, वॉशिंग मशीन उतरतंय, मुलाला बुलेट हवीये. मेहर खुशीने द्या असं कुरआनमध्ये आहे, जहेज, म्हणजे हुंडा मागा असं कुठल्या आयतीत आहे ते मला कुणीतरी दाखवा. कॅम्पातल्या माझ्या एका कॅथलिक गिऱ्हाईकाच्या मुलीला लग्नाआधी चर्चचा कोर्स करावा लागला, नवरा मुलगा पण बरोबर बसला, पैसे कसे सांभाळायचे, भांडण झालं तर काय करायचं सगळं शिकवलं. मलेशियात तर मुसलमान जोडप्यांना निकाहच्या आधी असा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आपल्याकडे ड्रायव्हिंग लायसन्सला परीक्षा आहे आणि संसाराला नुसता वलीमा.

तुम्ही काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये तुम्ही घरोघरी रेशन पोचवलं, कुणाचा धर्म न विचारता. २०२० लाच आझम कॅम्पस या शिक्षणसंस्थेवाल्यांनी त्यांच्या मशिदीचा हॉल क्वारंटाईनसाठी देऊ केला होता तेव्हा तुम्हीच जुम्म्याला किती कौतुकाने सांगितलं होतंत. म्हणजे मशिदीचा हॉल लोकांच्या गरजेला वापरता येतो हे तुम्हाला मान्य आहे.

तर आमच्या मागण्या. आमच्या म्हणते कारण मशीनवर बसल्याबसल्या मी बऱ्याच जणींना विचारलंय, आणि काही जणांना पण.

रविवारची तालीम परत सुरू करा, त्याच वेळेला, पुरुष आणि बायका दोघांसाठी, चिठ्ठ्यांच्या डब्यासकट. नवीन इमाम साहेबांना नको असेल तर दुसऱ्या मशिदीतले कुणी बोलवा, पण नुसती बायकांची तालीम करून आमची समजूत काढू नका, ती आम्हाला नकोय.

महिन्यातला एक जुम्मा घरावर ठेवा. विषय मी देते: खर्च, बायकोचं माहेर, म्हातारे आईबाप आणि त्यांना नक्की कोण सांभाळतं, पोरांवर हात उचलणं, राग, मुलीचा वारसा. वर्षभर पुरतील.

आपल्या मशिदीत ज्याचा निकाह होणार त्या मुलाने आणि मुलीने आधी दोन बैठकांना यावं. सुरुवातीला सक्ती नको, पण रजिस्टर काढताना विचारा तरी, आणि मेहर रोख दिली का हेही विचारा.

भांडण मिटवायला कमिटी बसते तेव्हा त्यात आपा किंवा दुसरी कुणी समजूतदार बाई पाहिजेच. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत एक पंच मुलाकडचा, एक मुलीकडचा असं आहे. आपल्याकडे पाचही पंच मुलाच्या अब्बांचे दोस्त असतात आणि मुलीचा बाप दारात चपला काढून एकटा उभा असतो, हे मी बघितलंय.

आणि यातली शेवटची मागणी वाटाघाटीची नाही. जिथे मारहाण आहे तिथे समझोता करायचा नाही. आधीचे इमाम साहेब अशी चिठ्ठी आली की ती मोठ्याने वाचायचेच नाहीत, तालीम संपल्यावर आपांमार्फत निरोप द्यायचे की जिची आहे तिने येऊन भेटावं, आणि मग आपा तिच्याबरोबर पोलिसांच्या भरोसा सेलला, बायकांना मदत करणाऱ्या कक्षाला, जायच्या. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्माच्या बायकांसाठी आहे. "परत असं करणार नाही" एवढं वदवून घेऊन पोरीला परत त्याच घरात पाठवायचं आणि मशिदीने घर वाचवलं म्हणून सांगायचं, हे बंद करा.

खर्च म्हणाल तर चटया आणि चहा आम्ही बघू. हॉल झाडून द्यायलाही आम्ही येऊ, पण ते पुरुषांनी पण करावं, आयशांची हदीस वर लिहिलीच आहे.

पुढच्या कमिटी मीटिंगला हे पत्र वाचावं आणि जे ठरेल ते ग्रुपवर लेखी टाकावं, नाही असेल तर नाही म्हणून, पण कारणासकट. नवऱ्यांच्या हाती निरोप नको.

अल्लाह हाफिज.

कोंढव्यातली एक शिवणकामवाली

ता. क. चिठ्ठ्यांचा तो डबा सध्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवलाय असं कळलं. तालीम अचानक बंद झाल्यामुळे त्यात न वाचलेल्या चिठ्ठ्या राहिल्यात. त्या कृपया कुणी उघडू नका. मोहल्ला लहान आहे, नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं. डबा आहे तसा आपांकडे पोचवा.